विश्लेषण : अश्लील मजकूर की आरोग्याची माहिती? र. धों. कर्वेंवरील खटल्यांचा प्रश्न आजही का सुटलेला नाही?

ऑनलाइन मजकुरावर आणि जाहिरातींवर नियंत्रण हवे की नको, असले तर ते कोणी ठेवायचे, हा वाद दर काही महिन्यांनी डोके वर काढतो. गर्भनिरोध, गुप्तरोग किंवा लैंगिक शिक्षण यांबद्दलचा मजकूर ‘प्रौढांसाठीचा’ ठरवून अडवला जातो, अशी तक्रार डॉक्टर आणि आरोग्य क्षेत्रातील संस्था करतात. हाच वाद सुमारे ९० वर्षांपूर्वी मुंबईच्या न्यायालयात रंगला होता. आरोपी होते एक मराठी मासिक चालवणारे गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे आणि त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

र. धों. कर्वे कोण होते?

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी कोकणातील मुरुड येथे झाला. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. पुण्यात शिक्षण झाल्यावर ते गणित शिकवू लागले. पुढील अभ्यासासाठी ते पॅरिसलाही गेले. फ्रेंच भाषा अवगत असल्याने लैंगिक विज्ञानावरील युरोपातील लेखन त्यांना थेट वाचता येत होते.

सततच्या बाळंतपणांनी स्त्रियांचे आरोग्य खालावते आणि कुटुंब दारिद्र्यात रुतत जाते, हे त्यांना आजूबाजूला दिसत होते. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. भारतातील हे अशा प्रकारचे पहिले केंद्र मानले जाते. डॉ. मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्र त्याच वर्षी उघडले होते. १९२३ मध्ये त्यांची संततिनियमन आणि गुप्तरोगांपासून बचाव या विषयांवरील पुस्तके आली.

याची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. विल्सन महाविद्यालय ख्रिस्ती मिशनऱ्यांचे होते. प्राध्यापकाने संततिनियमनाचा जाहीर प्रचार करणे व्यवस्थापनाला मान्य नव्हते. प्रचार थांबवण्याऐवजी कर्वे यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्या बरोबरीने होत्या आणि संसाराचा भारही त्यांनी उचलला. या दाम्पत्याने स्वतः मूल होऊ न देण्याचा निर्णय घेतला होता.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये असे काय होते?

१५ जुलै १९२७ रोजी ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकाचा पहिला अंक निघाला. संततिनियमन, गुप्तरोग, विवाह, वेश्याव्यवसाय, स्त्रियांचा लैंगिक सुखाचा हक्क असे विषय त्यात उघडपणे हाताळले जात. बहुतेक मजकूर कर्वे स्वतः लिहीत. वाचकांच्या प्रश्नांना ते थेट, कोरड्या शास्त्रीय भाषेत उत्तरे देत. जे प्रश्न घरात विचारता येत नसत आणि डॉक्टरांसमोरही ओठांवर येत नसत, ते पत्राने येत.

मासिक तोट्यातच चालले. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापण्याच्या त्यांच्या आग्रहाने टीका आणखी वाढली. नग्नतेत लाजण्यासारखे काही नाही, असे त्यांचे मत होते. विरोध केवळ सनातन्यांचा नव्हता. महात्मा गांधींचाही कृत्रिम साधनांना विरोध होता आणि संयमावर भर होता. कर्वे यांनी त्यावरही सडकून टीका केली.

खटले कशासाठी झाले?

सनातनी मंडळींच्या तक्रारीनंतर १९३१ मध्ये कर्वे यांच्यावर पहिला खटला झाला. निमित्त होते व्यभिचाराच्या प्रश्नावरील त्यांच्या लेखाचे. त्यांना १०० रुपये दंड झाला आणि उच्च न्यायालयातील अपीलही फेटाळले गेले.

१९३४ मध्ये पुन्हा अटक झाली. या वेळी आक्षेप वाचकांच्या प्रश्नोत्तरांवर होता. त्यातील प्रश्न हस्तमैथुन आणि समलैंगिकतेबद्दलचे होते. त्यांची वकिली करायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांमुळे ते तेव्हा देशभर परिचित होते. अशा वादग्रस्त खटल्यातून त्यांचा राजकीय फायदा होण्याची शक्यता नव्हती.

लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. वाचक अडचण विचारत असेल तर जाणकाराने उत्तर द्यायला हवे. उत्तर दाबले म्हणून अडचण नाहीशी होत नाही, अशी त्यांची मांडणी होती. त्यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या लैंगिक मानसशास्त्रावरील संशोधनाचा आधार घेतला. तरीही खटला हरला आणि कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

आंबेडकरांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला गेला. तो नामंजूर झाला.

तेव्हाचा कायदा काय होता?

भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ नुसार अश्लील पुस्तक किंवा पत्रक विकणे, वाटणे हा गुन्हा होता. अश्लील कशाला म्हणायचे, याची कसोटी १८६८ च्या एका इंग्रजी खटल्यातून आली होती. वाईट प्रभाव सहज पडू शकेल अशा माणसाचे मन मजकुरामुळे बिघडण्याची शक्यता आहे का, एवढेच त्यात पाहिले जाई. लेखकाचा हेतू किंवा माहितीची उपयुक्तता यांना फारसे स्थान नव्हते.

धार्मिक ग्रंथ आणि मंदिरांवरील शिल्पे यांना कायद्यात सूट होती. विज्ञानाला नव्हती. कर्वे नेमके या फटीत सापडले.

त्यांच्या नंतर काय बदलले?

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे यांचे निधन झाले. मासिक त्यांनी अखेरपर्यंत, २६ वर्षे चालवले. त्याच्या एक वर्ष आधी, १९५२ मध्ये, भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. ज्या प्रचारासाठी कर्वे यांची नोकरी गेली, तो प्रचार सरकारी धोरण झाला.

मात्र १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने काही औषधांच्या जाहिरातींवर बंदी घातली. त्यात स्त्रियांमधील गर्भधारणा रोखणारी आणि लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधे होती. भोंदू वैद्यांना आवर घालण्यासाठी असा कायदा गरजेचाही होता.

१९६९ मध्ये कलम २९२ मध्ये दुरुस्ती झाली. विज्ञान, साहित्य, कला किंवा ज्ञान यांच्या हितासाठी, लोककल्याणासाठी प्रकाशन झाले असेल तर ते गुन्ह्यातून वगळले गेले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८६८ ची कसोटी बाजूला ठेवली. संपूर्ण संदर्भ आणि समकालीन समाजाची दृष्टी पाहावी, असे त्या निकालाने ठरवले.

आज काय स्थिती आहे?

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये १ जुलै २०२४ पासून डिजिटल मजकुराचाही स्पष्ट समावेश आहे आणि लोकहिताची सूट कायम आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार ऑनलाइन अश्लीलतेसाठी पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने टीव्हीवर कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ या वेळेतच दाखवण्यास सांगितले. टीका झाल्यावर हे बंधन केवळ उत्तान जाहिरातींपुरते असल्याचा खुलासा करण्यात आला.

आज बहुतांश मजकूर न्यायालयापर्यंत पोहोचतच नाही. शब्द आणि चित्रे तपासणारी स्वयंचलित यंत्रणा तो आधीच अडवते किंवा मागे ढकलते. कर्वे यांना निदान आरोपपत्र मिळाले, वकील मिळाला, अपील करता आले. कायद्याने १९६९ मध्ये विज्ञानाला दिलेली सूट या यंत्रणेने पाळली की नाही, हे तपासायला आज कोणाकडे दाद मागायची, हे सामान्य वापरकर्त्याला बहुतेक वेळा कळतही नाही.