विश्वाचे गणित मांडणारे फ्रीडमन

आइन्स्टाइनचे नाव कोणाला ठाऊक नाही? पण त्यांना आपले मत मागे घ्यावयास लावणारे अलेक्झांडर फ्रीडमन फारसे कोणास माहीत नसतात.

त्यांचा जन्म १८८८ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे झाला. वडील नृत्यनाट्याचे कलावंत, आई पियानोवादक. फ्रीडमन मात्र गणितात रमले. शालेय वयातच एका मित्राबरोबर लिहिलेला त्यांचा निबंध १९०६ साली एका नामांकित जर्मन नियतकालिकात छापून आला.

पुढे त्यांनी हवामानशास्त्राची नोकरी धरली. पहिल्या महायुद्धात विमानातून उड्डाणे केली आणि बाँब नेमका कोठे पडेल याची कोष्टके तयार केली. युद्ध आणि क्रांतीच्या धामधुमीत परदेशी नियतकालिके रशियात येईनाशी झाली होती. त्यामुळे आइन्स्टाइनचा सिद्धांत तेथे उशिराच पोहोचला.

विश्व स्थिर आहे, असे तेव्हा सर्वच मानीत. समीकरणांतून तसे निघेना, म्हणून आइन्स्टाइन यांनी १९१७ साली त्यांत एक जादा पद घातले. फ्रीडमन यांनी १९२२ साली तीच समीकरणे सोडवून दाखविले की, विश्व प्रसरण पावू शकते, आकुंचनही पावू शकते. केवळ उदाहरणादाखल त्यांनी विश्वाच्या एका फेऱ्याचा काळ काढला. तो आला सुमारे एक हजार कोटी वर्षे! (आज विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे मानतात.)

त्याच वर्षी सप्टेंबरात आइन्स्टाइन यांनी हे गणित चुकीचे असल्याचे छापून टाकले. गाईडमध्ये उत्तर वेगळे दिसताच आपली मुले स्वतःचे बरोबर उत्तरही खोडतात. फ्रीडमन यांनी तसे केले नाही. डिसेंबरात त्यांनी सारी आकडेमोड पत्राने आइन्स्टाइन यांना कळविली. १९२३ च्या मे महिन्यात त्यांचे सहकारी क्रुत्कोव्ह हे हॉलंडमध्ये आइन्स्टाइन यांना भेटले व त्यांनी मुद्दा समजावून दिला. तेव्हा आइन्स्टाइन यांनी चूक आपलीच होती, असे त्याच नियतकालिकात जाहीर केले. हा त्यांचाही मोठेपणाच म्हणावयाचा.

जुलै १९२५ मध्ये हवामानाच्या अभ्यासासाठी फ्रीडमन बलूनमधून ७४०० मीटर उंच गेले. सप्टेंबरात विषमज्वराने त्यांचे निधन झाले, अवघ्या ३७ व्या वर्षी. दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब जात आहेत, हे हबल यांनी १९२९ साली दाखविले, आणि १९३१ साली आइन्स्टाइन यांनी ते जादा पद सोडून दिले.