श्रेयनामावलीत न मावलेला ट्रम्पेट

आमच्या पुण्यात लग्नाची वरात निघाली, की बँडवाले 'अलबेला'तली गाणी हमखास काढतात आणि एरवी गंभीर चेहऱ्याने वावरणारे काका-मामाही हात वर करून नाचू लागतात. संगीतकार कोण, असे विचारा, सी. रामचंद्रांचे नाव कुणीही सांगेल. भगवानदादा तर घराघरांतले. पण त्या गाण्यांत ट्रम्पेटची ललकारी कुणाची? चिक चॉकलेट हे एके काळी मुंबईत गाजलेले नाव आज किती घरांत ठाऊक आहे, याची मला शंकाच वाटते.

खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गोव्यातल्या बार्देश तालुक्यातील हळदोण्याचा. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. ती शिदोरी घेऊन कितीतरी गोवेकर पोटापाण्यासाठी मुंबईत आले. आंतोनियो त्यांतलाच, पण त्याला वेड लागले जॅझचे आणि त्यातही लुई आर्मस्ट्राँगचे. ताजमहाल हॉटेलात त्याचा वाद्यवृंद वाजू लागला आणि लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

जॅझमध्ये वादक जागच्या जागी सूर रचतो. आपल्या गवयाच्या उपजेसारखेच ते! मला वाटते, पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणे शिकलेल्या, पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना म्हणूनच हा माणूस परका वाटला नसावा. आपल्याकडे चाल तोंडी सांगायची रीत. पण मोठ्या वाद्यवृंदाला प्रत्येकाचा भाग कागदावर लागतो. ते काम गोवेकर वादक करीत. चिक हा चितळकरांचा साहाय्यक झाला. १९५१ च्या 'अलबेला'त तो वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतो. त्याच वर्षी 'नादान' चित्रपटाला त्याने स्वतंत्रपणे संगीत दिले.

तिकडे मुंबई राज्यात दारूबंदी कडक झाली, हॉटेलांतल्या मैफली ओसरल्या आणि अनेक जॅझवादकांना चित्रपटांच्या स्टुडिओंचाच आधार उरला. तेथे रोजगार मिळाला, नाव मात्र क्वचितच. तबकडीवर गायक आणि संगीतकार छापला जाई, वाजवणारा नाही.

१९६७ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या ५१ व्या वर्षी चिक गेला. हॉटेलात रात्री-रात्री जे त्याने रचले, ते बहुतेक हवेतच विरले. राहिले ते चित्रपटगीतांतले चार-सहा मात्रांचे तुकडे.

सी. रामचंद्रांचे मोठेपण याने तसूभरही कमी होत नाही. पण चाल एकाची आणि तिची झळाळी दुसऱ्याची, असे असताना आपण एकाच नावाला दाद देत आलो, हेही खरे. आज जुन्या गाण्यांची माहिती शोधणे सोपे झाले आहे. निदान मुलांना ही गाणी ऐकवताना, 'हा ट्रम्पेट हळदोण्याच्या वाझांच्या आंतोनियोचा' एवढे जरूर सांगावे.