मुंबईहून निघालेल्या फौजेने इथिओपियाच्या राजाची कातड्यावरची चित्रं कशी लुटली?

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इथिओपियाचे सुमारे ३५० जुने ग्रंथ आहेत. बकरीचं कातडं भिजवून, चौकटीवर ताणून, खरवडून त्याची पानं बनवलेली. त्यांवर गीझ भाषेतला मजकूर आणि काही ग्रंथांत मेरी, संत, देवदूतांची ठळक रंगांतली चित्रं. ही चित्रं ओळखायची एक खूण म्हणजे सज्जन माणूस समोरून, दोन्ही डोळ्यांसह दिसतो. दुष्ट मात्र बहुतेकदा बाजूने, एकाच डोळ्याचा.

हे ग्रंथ जमवले होते सम्राट दुसरा तेवोद्रोस याने.

त्याचं मूळ नाव कासा. जन्म १८१८ च्या आसपासचा, शिक्षण मठात. पुढे तो बंडखोर टोळीचा म्होरक्या झाला, एकेका सरदाराला हरवत गेला आणि १८५५ मध्ये सम्राट बनला. विखुरलेला देश एक करायचा आणि स्वतःच्या तोफा ओतायच्या, हे त्याचं स्वप्न होतं.

मक्दाला या डोंगरी किल्ल्यावरच्या चर्चसाठी त्याला ग्रंथ हवे होते. पण ते त्याने मिळवले कसे? १८६६ मध्ये त्याने जुनी राजधानी गोंदर लुटली, चर्च जाळली आणि तिथले ग्रंथ उचलून आणले. मक्दालावर असे जवळपास हजार ग्रंथ जमले.

दरम्यान, १८६२ मध्ये त्याने राणी व्हिक्टोरियाला मैत्रीचं पत्र पाठवलं होतं. वेळेत उत्तर आलंच नाही. संतापून त्याने ब्रिटिश वकिलासह अनेक युरोपियनांना कैद केलं.

त्यांना सोडवायला निघालेली फौज मुंबई इलाख्याची होती. मुंबई लष्कराचा सरसेनापती रॉबर्ट नेपियर, सुमारे १३ हजार ब्रिटिश आणि हिंदी सैनिक, तोफा ओढायला हत्तीसुद्धा. पराभव समोर दिसताच तेवोद्रोसने कैदी सोडून दिले, पण शरण जायला नकार दिला. १३ एप्रिल १८६८ ला इंग्रज किल्ल्यात शिरले, तेव्हा त्याने स्वतःवर गोळी झाडली. ते पिस्तूल व्हिक्टोरियानेच त्याला भेट दिलेलं होतं.

मग लूट झाली. माल हत्ती आणि खेचरांवर लादून खाली आणला आणि सैनिकांमध्येच त्याचा लिलाव झाला. बरेच ग्रंथ वाटेतल्या चर्चना दिले गेले, उरलेले लंडनला गेले.

१८७२ मध्ये, नंतरचा सम्राट योहानेस चौथा याच्या विनंतीवरून एक ग्रंथ परत आला: ‘केब्रा नगस्त’. बाकीचे परत मिळावेत, ही इथिओपियाची मागणी आजही कायम आहे.