टायरमध्ये हवा भरणारा जनावरांचा डॉक्टर

गाडी लोअर करून मोठे अलॉय बसवायचेत? मग आधी मी तुम्हाला जॉन बॉयड डनलॉप यांच्याबद्दल सांगतो.

जन्म १८४०, स्कॉटलंड. इंजिनिअर नव्हे, बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर! १८८७ मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी त्यांनी लाकडी चकतीवर रबराची नळी बसवली आणि तिच्यात हवा भरली. मग अंगणात टेस्ट. सायकलचं जुनं चाक आणि हे नवं, दोन्ही घरंगळत सोडली. जुनं लवकर थांबलं, हवेचं पुढे जात राहिलं. मला ही टेस्ट भारी वाटते, खर्च जवळपास शून्य. १८८८ मध्ये पेटंट मिळालं. १८८९ मध्ये विली ह्यूम या सायकलपटूने हे टायर लावून बेलफास्टमध्ये शर्यती मारल्या, आणि मागणी सुरू झाली.

पण रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्येच अशा टायरचं पेटंट घेतलं होतं, त्यामुळे डनलॉप यांचं रद्द झालं. कंपनीला नाव त्यांचं राहिलं, मोठा पैसा मात्र इतरांनी कमावला. १९२१ मध्ये डब्लिनला ते वारले.

आता तुमची गाडी. २०५/५५ आर१६ मध्ये टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे साधारण ११३ मिमी. २२५/४० आर१८ मध्ये फक्त ९०. चाक बाहेरून जवळपास तेवढंच, पण डनलॉपवाली हवेची गादी २३ मिमीने पातळ! त्यात लोअर गाडीच्या सस्पेन्शनला दबायला जागा कमी, म्हणून खड्ड्यात रिम वाकायची भीती वाढते. रुंद टायर मडगार्डला घासू शकतो तो वेगळाच, म्हणून फिटिंगनंतर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा.