सोलापूरचं वसतिगृह आणि बाबासाहेब

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील लष्करात सुभेदार. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. तरीही ते शिकत गेले. १९१२ मध्ये बी. ए. झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले.

परतल्यावर १९१७ मध्ये बडोद्याला नोकरी लागली, पण राहायला कुणी जागा देईना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. एवढं शिकूनही डोक्यावर छप्पर नाही!

१९२४ मध्ये त्यांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. खेड्यातून आलेल्या दलित मुलाला शहरात खोली कोण देणार? इथे त्यांचं जेवण, कपडे, वह्या यांचा खर्च सभा करायची. नगरपालिका महिना ४० रुपये देई. मुलं 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही चालवत.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. हा धडा शिकवताना संविधानाबरोबर हे वसतिगृहही जरूर सांगा. आजही ऊसतोडीला आई-वडील गेले की मूल कुठे झोपतं, काय खातं? पटावर नाव घातलं म्हणजे आपलं काम संपलं, असं नाही.