साधन हाती देणारा माणूस

१९५२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईत एक मोठी परिषद भरली होती. देशोदेशींचे डॉक्टर, समाजसेवक, संस्थांचे प्रतिनिधी आले होते. अमेरिकेतल्या संततिनियमनाच्या चळवळीच्या अग्रणी मार्गारेट सँगर वृद्धापकाळातही एवढा प्रवास करून आल्या होत्या. यजमानपद होते धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांच्या भारतीय कुटुंब नियोजन संस्थेकडे. याच परिषदेत वेगवेगळ्या देशांतल्या संस्था एकत्र आल्या आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ जन्माला आला. त्याच वर्षी भारत सरकारने कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असे पाऊल उचलणारा भारत हा जगातला पहिला देश, असे तेव्हापासून अभिमानाने सांगितले जाते.

याच मुंबईत तेव्हा सत्तर वर्षांचे एक गृहस्थ राहत होते. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी हेच काम जवळजवळ एकट्याने सुरू केले होते, आणि त्यापायी नोकरी, पैसा, लौकिक या साऱ्यावर पाणी सोडले होते. त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

कर्वे म्हटले की आपल्याला आधी आठवतात ते महर्षी. विधवांसाठी आश्रम काढणारे, हिंगण्याच्या माळरानावर झोपडी बांधणारे, महिला विद्यापीठ उभारणारे अण्णा. रघुनाथ हा त्यांचा थोरला मुलगा, जन्म १४ जानेवारी १८८२. घराणे कोकणातल्या मुरुडचे. मुलगा नऊ वर्षांचा असताना १८९१ साली त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे दोन वर्षांनी अण्णांनी गोदूबाई या बालविधवेशी पुनर्विवाह केला, आणि त्या विवाहाचे जे पडसाद मुरुडात आणि पुण्यात उमटले ते सर्वश्रुत आहेत. गावाने घराला वाळीत टाकणे म्हणजे काय, हे रघुनाथने शाळकरी वयातच पाहिले होते.

आईच्या त्या मरणातच मुलाच्या पुढच्या कार्याचे मूळ होते, असे म्हणण्याचा मोह होतो. चरित्रकाराला असे धागे आवडतात. पण तेव्हा बाळंतपणात दगावणाऱ्या बायका घरोघरी होत्या आणि त्यांची पोरकी मुलेही घरोघरी होती. ती सगळी काही समाजसुधारक झाली नाहीत. तेव्हा एवढेच म्हणावे की बाळंतपण ही नुसती मंगल घटना नसते, हे या मुलाला कुणी शिकवावे लागले नाही.

बुद्धी मात्र विलक्षण होती. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ साली बी. ए. झाला. विषय गणित. पुढे गणिताचा प्राध्यापक म्हणून नोकरी आणि पहिले महायुद्ध संपल्यावर त्याच विषयाच्या उच्च शिक्षणासाठी पॅरिस. फ्रेंच भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. त्या भाषेतले मोकळे, निर्भीड आणि थोडे तिरकस लेखन त्यांच्या पचनी पडले, आणि पुढे त्यांच्या मराठीतही ते उतरले. स्त्रीपुरुष संबंधांवर तिथे लोक शास्त्रीय भाषेत बोलतात, लिहितात आणि कुणाचे आकाश कोसळत नाही, हे त्यांनी पाहिले.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. भारतातले हे पहिले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी दवाखाना सुरू केला तोही १९२१ मध्येच. सँगरबाईंनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९१६ साली पहिला दवाखाना उघडला, तेव्हा पोलिसांनी तो काही दिवसांतच बंद पाडला होता. म्हणजे साता समुद्रापलीकडे जे नुकते कुठे सुरू होत होते, त्याच्या मागोमाग नव्हे, बरोबरीने मुंबईतला हा प्राध्यापक चालत होता.

इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आज आपण कुटुंब नियोजन म्हटले की लगेच लोकसंख्येचा विचार करतो. पण १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढली नव्हती, किंचित घटलीच होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली होती. गर्दीची भीती वाटावी असे ते दिवसच नव्हते. लोकसंख्येच्या प्रश्नावर कर्वे लिहीत असत, पण त्यांच्या विचाराच्या केंद्रस्थानी होती ती लागोपाठच्या बाळंतपणांनी खंगलेली बाई. मूल हवे की नको, कधी हवे, हे तिने ठरवावे, आणि वैवाहिक सुखावर तिचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, असे ते म्हणत. यातले दुसरे वाक्य लोकांना पहिल्यापेक्षाही झोंबले.

आणि ते नुसते म्हणून थांबले नाहीत. माझ्या मते त्यांचे मोठेपण नेमके इथे आहे. संयम पाळा, ब्रह्मचर्य पाळा, असे सांगणारे उपदेशक त्या काळी कमी नव्हते. त्यांचे एक सोयीचे होते, उपदेशाला भांडवल लागत नाही. कर्व्यांनी ओळखले की बाईला ज्ञान दिले आणि साधन दिले नाही, तर ते उपाशी माणसाला पाककृती वाचून दाखवण्यासारखे आहे. साधने इथे बनत नव्हती. रबरी टोप्या, पुरुषांनी वापरायची आवरणे, विरघळणाऱ्या गोळ्या, जे काही त्या वेळी उपलब्ध होते ते बहुतेक सारे परदेशातून बोटीने यायचे. त्यात रबर म्हणजे नाजूक चीज. मुंबईच्या दमट हवेत आणि उन्हाळ्यात ते फार दिवस टिकत नाही. त्यातून ते महाग. टोपीचे माप ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे वेगळे, म्हणजे नुसती वस्तू विकून भागत नाही, ती कशी वापरायची हे समजावून सांगावे लागते. आणि हे सगळे अशा समाजात, जिथे बाई नवऱ्याचे नावसुद्धा उच्चारत नसे.

इथे मालतीबाईंचे नाव घ्यायलाच हवे. माहेरच्या गंगू गोरे. १९११ साली त्यांचा रघुनाथरावांशी विवाह झाला. या जोडप्याने विचारपूर्वक मूल होऊ न देण्याचे ठरवले आणि ते शेवटपर्यंत पाळले. संततिनियमन म्हणजे संततिनिषेध नव्हे हे ते जाणून होते, पण जे काम अंगावर घेतले होते त्यात संसाराचा पसारा परवडणारा नव्हता. नवऱ्याने तत्त्वासाठी नोकरी सोडली की इतिहासात त्याचे नाव होते. घरात मात्र महिन्याच्या एक तारखेला प्रश्न उभा राहतो तो बायकोपुढे. मालतीबाईंनी तो सोसला, आणि कामातही खांद्याला खांदा लावला. त्यांच्यावर वेगळे चरित्र मराठीत ठळकपणे असायला हवे होते, असे राहून राहून वाटते.

नोकरी गेली ती १९२५ च्या सुमारास. कर्वे तेव्हा विल्सन कॉलेजात गणित शिकवत. कॉलेज मिशनऱ्यांचे. प्राध्यापकाने वर्गाबाहेर असले विषय जाहीरपणे मांडावेत हे चालकांना रुचणारे नव्हते. काम सोडा किंवा नोकरी सोडा, अशी वेळ आली आणि त्यांनी नोकरी सोडली. गणिताच्या माणसाला हा हिशेब कळला नसेल असे नाही.

त्याआधीच, १९२३ मध्ये, त्यांचे ‘संततिनियमन : आचार आणि विचार’ हे पुस्तक आले होते. पुढे १९३४ साली ‘आधुनिक कामशास्त्र’ आले. पण लोकांच्या लक्षात राहिले ते जुलै १९२७ पासून त्यांनी काढलेले ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र. मानवी देहात लाजण्यासारखे काही नाही ही त्यांची भूमिका, आणि ती त्यांनी मुखपृष्ठापासूनच सुरू केली. त्यामुळे हे मासिक दिवाणखान्यातल्या टेबलावर क्वचितच दिसे. गादीखाली, ट्रंकेच्या तळाशी, कपाटातल्या कपड्यांच्या घडीत त्याची जागा. आतला मजकूर बहुतेक स्वतः कर्वेच लिहीत. ‘शारदेची पत्रे’ या सदरातली शारदा म्हणजेही तेच. वाचकांच्या खासगी अडचणींची पत्रे येत, आणि जे त्यांना वैद्याला, वडिलांना, मित्राला विचारता येत नव्हते त्याचे सरळ, रोखठोक उत्तर मासिकात छापून येई. घरबसल्या टपालाने येणारा हा त्या काळचा एकमेव सल्लागार म्हणायला हरकत नाही.

सनातन्यांनी कोर्टाची वाट धरली. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल अश्लीलतेचा खटला झाला आणि कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. शंभर रुपये ही त्या काळात लहान रक्कम नव्हती. १९३४ साली पुन्हा खटला. या वेळी निमित्त झाले वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांचे. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एव्हाना गोलमेज परिषद, पुणे करार हे सारे होऊन गेलेले. डोंगराएवढी कामे समोर असताना त्यांनी हा लोकांच्या नजरेत ओशाळवाणा खटला घेतला. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच असे का मानायचे, आणि लोक शंका विचारत असतील तर जाणकाराने उत्तर देऊ नये का, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला. आंबेडकरांनी विषय मात्र सोडला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाची सोय सरकारने लोकांना उपलब्ध करून द्यावी असा ठराव मांडला. तो फेटाळला गेला.

कर्वे अगदीच एकटे होते असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कादंबरीकार ना. सी. फडके त्या वेळी या चळवळीत हिरिरीने होते. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाला सँगरबाईंची प्रस्तावना लाभली होती. मुंबईतच डॉ. ए. पी. पिल्ले १९३४ पासून याच विषयाचे इंग्रजी नियतकालिक चालवू लागले. म्हैसूर संस्थानाने तर १९३० साली सरकारी इस्पितळांतून संततिनियमनाची केंद्रे उघडली. ब्रिटिश सरकार मात्र धर्मात ढवळाढवळ नको म्हणून अंग चोरून बसले होते. सँगरबाई १९३५ च्या अखेरीस हिंदुस्थानात आल्या, वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटल्या. गांधीजींना संयम हाच मार्ग मान्य होता, साधने नव्हे. कर्व्यांनी गांधीजींवरही लेखणी चालवली. ती त्यांनी कुणावर चालवली नाही, असा प्रश्न विचारणेच सोपे. माणसे जोडण्याची कला त्यांच्यापाशी नव्हती. देवधर्म, ब्रह्मचर्य, विवाहसंस्था या सगळ्यांशी एकाच वेळी भांडण काढल्यावर संततिनियमनापुरते सोबत येणारेही बिचकले, हे मान्य करायला हवे. ज्याला साधने खेडोपाडी पोहोचवायची आहेत त्याला संघटना लागते, आणि संघटनेला थोडी गोड जीभ लागते.

ती पोहोच थोडीफार साधली शकुंतलाबाई परांजपे यांनी. रँग्लर परांजप्यांच्या या कन्या, म्हणजे कर्व्यांच्या नात्यातल्याच. दिग्दर्शिका सई परांजपे यांच्या आई. रघुनाथरावांच्या कामाने प्रभावित होऊन १९३८ पासून त्यांनी पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत संततिनियमनाचा सल्ला आणि साधने द्यायला सुरुवात केली, आणि पुढे विधान परिषदेत व राज्यसभेतही हा विषय लावून धरला.

सरकारला साधनांच्या पुरवठ्याचे मर्म उमगायला आणखी काळ जावा लागला. १९५२ च्या कार्यक्रमातही आधी भर होता तो पाळी मोजण्याच्या पद्धतीवर, ज्याला दुकान लागत नाही. १९६८ साली ‘निरोध’ आला तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. वस्तू तीच, पण सरकारने ती विकायला चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांना बरोबर घेतले. ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, टाटा ऑइल मिल्स, इंडिया टोबॅको, युनियन कार्बाइड. बाजारात एरवी एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले हे लोक आपापल्या गाड्यांतून हे पाकीट वाण्याच्या आणि पानवाल्याच्या दुकानापर्यंत नेऊ लागले. पंधरा पैशांना तीन. सुरुवातीचा माल परदेशातून आला, मग केरळात हिंदुस्थान लॅटेक्सचा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. बोटीची वाट पाहण्याचे दिवस संपले. पुढे आणीबाणीत याच कार्यक्रमाच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीची जी शिबिरे झाली, ती कर्व्यांच्या विचाराच्या नेमकी उलटी होती. त्यांच्या केंद्रात माणूस आपणहून येत असे.

हे सारे पाहायला ते नव्हते. मालतीबाई त्यांच्याआधी काही वर्षे निवर्तल्या होत्या. म्हातारपणी एकटेपण, पैशाची ओढ आणि तरीही दर महिन्याचा अंक. सव्वीस वर्षे तो निघत राहिला. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले. य. दि. फडक्यांनी त्यांचे चरित्र लिहिले ते १९८१ साली, अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट आला २००१ मध्ये, आणि खटल्यांवरचे ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक त्यानंतर आणखी दीड दशकाने.

वडील अण्णासाहेब त्या वेळी पंचाण्णव वर्षांचे होते. पाच वर्षांनी त्यांना भारतरत्न मिळाले, आणि १९६२ मध्ये वयाच्या एकशे पाचव्या वर्षी ते वारले. मुलाच्या मासिकाचा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. तो त्यांच्या मृत्यूनंतर वर्गणीदारांच्या घरी पोहोचला.