संत फ्रान्सिस झेवियर यांचीं साडेदहा वर्षें

मनुष्याच्या आयुष्याची दोरी किती लांब, हें परमेश्वरावांचून कोणासही ठाऊक नाहीं. हातीं आलेल्या दिवसाचें काय करावें, एवढेंच आपल्या स्वाधीन आहे. या सत्याची साक्ष ज्यांच्या चरित्रांत पदोपदीं सांपडते, त्या संत फ्रान्सिस झेवियर यांचें स्मरण ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्ही वाचकांस करून देत आहों.

७ एप्रिल १५०६ रोजीं नवार राज्यांतील झेवियरच्या गढींत त्यांचा जन्म झाला. १५२५ सालीं ते विद्येसाठीं पॅरिसला गेले व पुढें तेथेंच तत्त्वज्ञान शिकवूं लागले. मानमरातबाची त्यांस ओढ होती. त्यांच्याच खोलींत राहणाऱ्या संत इग्नेशियस यांनीं, आत्मा गमावून मिळविलेली कीर्ति व्यर्थ होय, हा विचार मोठ्या चिकाटीनें त्यांच्या मनांत रुजविला. १५ ऑगस्ट १५३४ रोजीं मोंमार्त्र येथें त्या दोघांनीं व त्यांच्या पांच सोबत्यांनीं देवास आपलें जीवन वाहिलें. फ्रान्सिस तेव्हां अठ्ठावीस वर्षांचे होते. अर्ध्याहून अधिक आयुष्य सरलें आहे, हें त्यांस कोठून कळणार!

१५४० च्या मार्चमध्यें हिंदुस्थानास जाण्यासाठीं नेमलेले सोबती आजारी पडले आणि ती आज्ञा फ्रान्सिस यांस झाली. एक-दोन दिवसांतच त्यांनीं रोम सोडलें. ७ एप्रिल १५४१ रोजीं ते लिस्बनहून गलबतानें निघाले. गोव्यास पोंचावयास तेरा महिने लागले. त्यांतील कित्येक महिने मोझांबिक येथें अनुकूल वाऱ्याची वाट पाहण्यांत गेले. पण वाट पाहण्याचा काळ तो फुकटचा काळ, असें त्यांनीं मानलें नाहीं. गलबतावर आणि किनाऱ्यावर ते रोग्यांची शुश्रूषा करीत राहिले.

६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास उतरले. तेथें घंटा वाजवीत, रस्त्यारस्त्यांतून मुलांस गोळा करून ते धर्मशिक्षण देत. इस्पितळांतील रोग्यांस व तुरुंगांतील बंदिवानांस भेटत. पुढें दक्षिणेच्या किनाऱ्यावर मोतीं काढणाऱ्या लोकांसाठीं त्यांनीं तामिळ भाषेंत प्रार्थना शिकून घेतल्या. तेथून मलाक्का, मोलुक्का बेटें आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजीं जपान, असा त्यांचा प्रवास झाला.

१५५२ सालीं ते चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर आले. कँटनला गुप्तपणें नेऊन पोंचविण्याचें एका चिनी व्यापाऱ्यानें कबूल केलें होतें. त्याची होडी आलीच नाहीं. तापानें ग्रासलेल्या त्या धर्मवीरानें ३ डिसेंबर रोजीं, छेचाळिसाव्या वर्षीं, चीनचा किनारा समोर असतां देह ठेविला. त्यांचें पवित्र शरीर १५५४ सालीं गोव्यास आणण्यांत आलें.

मग त्यांचें काम अपुरें राहिलें काय? त्याच वर्षाच्या ६ ऑक्टोबर रोजीं इटलींत मातेओ रिची यांचा जन्म झाला होता. १५८३ सालीं याच येशूसंघीयानें चीनमध्यें प्रवेश करून तेथें ठाणें मांडलें. एकानें पेरावें, दुसऱ्यानें कापावें. शेताचा धनी मात्र एकच.

वाचकहो, आपणही पावसाची, मुलें मोठीं होण्याची, बऱ्या दिवसांची वाट पाहत असतों, आणि सत्कर्म त्या दिवसावर टाकीत असतों. ज्युबिली वर्षांची गणती करिते. देव त्या वर्षांतील प्रत्येक दिवसाचा हिशेब मागेल. आजच्या दिवशीं जवळच्या रोग्याकडे, दुःखिताकडे आपलीं पावलें वळोत, अशी कृपा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या विनवणीनें परमेश्वर आम्हां सर्वांस देवो.